तीन महिने कोरडी ढास लागतेय, हळदीची धूळ असेल का?

दिवाणजी_सांगली:
वय ५४. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात २६ वर्षं वह्या लिहितोय. गणपती उठले त्या आठवड्यात घशात खवखव सुरू झाली आणि आता डिसेंबर आला तरी जात नाही. कफ नाही, ताप नाही, वजन तेवढंच. पण एकदा ढास लागली की डोळ्यांत पाणी येतं. परवा सौदा चालू असताना अशी उबळ आली की एक खरेदीदार म्हणाला, "दिवाणजी, तुम्ही बोली वाढवली का?" सगळे हसले, मीही हसलो, आणि हसण्यानं पुन्हा ढास.

तीन डॉक्टर झाले. छातीचा एक्स-रे स्वच्छ. थुंकी तपासायची म्हटलं तर बेडकाच पडेना. शेवटी सरकारी दवाखान्यात वाफ देऊन काढली, टीबी नाही निघाला. अँटिबायोटिकचे दोन कोर्स आणि सिरपच्या बाटल्या किती ते बायकोला विचारा. अडुळसा, ज्येष्ठमध, खडीसाखर-लवंग, सगळं करून झालंय. सगळ्यांचं मत एकच, हळदीची धूळ. वडील हरिपूरला पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, उतरून पोती भरायचे, त्यांना कधी खोकला नव्हता, म्हणून मला पटत नाही. नोकरी सोडू का? आता या वयात कोण घेणार?

बेदाणा_काकी:
दादा, मी तासगावकडची. आमच्या शेडवर बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. तीन हंगाम मी खोकले. माझी खूण सरळ होती, माहेरी चार दिवस गेले की बंद, परत आले की सुरू. मग डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं, पंपाचे झटके देऊन थोड्या वेळानं पुन्हा फुंकायला लावलं आणि आकडा वाढला. दमाच होता, नुसता खोकल्याच्या रूपात. शिट्टी वाजत नव्हती म्हणून कुणाला कळला नाही. तुम्ही आठ दिवस यार्डापासून लांब राहून बघा.

दिवाणजी_सांगली:
काकी, ते झालंय. दिवाळीत पुण्याला लेकीकडे दहा दिवस होतो. सोळाव्या मजल्यावर हळदीचा कण नाही, खोकला तोच. नळीची तपासणीही केली, नॉर्मल आली.

कोयनाकाठ:
रात्री जेवून लगेच आडवे होता का? मला पित्त वर यायचं, छातीत जळजळ नव्हती तरी खोकला होता. उशाकडून पलंग उंच केला, जेवण सातला.

औषधवाला_मिरज:
एक गोष्ट खटकते. नवीन हळदीची आवक फेब्रुवारीपासून. गणपतीत यार्डात धूळ त्या मानानं कमीच. मग २६ हंगाम सोसून खोकला नेमका तेव्हाच का? जुलै-ऑगस्टमध्ये काही नवीन सुरू केलंत का? रोजच्या सगळ्या गोळ्यांची नावं लिहा. सगळ्या म्हणजे सगळ्या.

दिवाणजी_सांगली:
औषध काही नाही असंच लिहिणार होतो. तिन्ही डॉक्टरांनाही तेच सांगितलं होतं. बायकोनं पाकीट समोर आपटलं, "मग हे काय पेपरमिंट आहे?" श्रावणात एका शिबिरात बीपी जास्त निघालं, तेव्हापासून सकाळी चहाबरोबर एक घेतो. रामिप्रिल ५. खरं सांगतो, ती मी औषधात धरलीच नव्हती. औषध म्हणजे आजारी पडल्यावर घेतात ते.

औषधवाला_मिरज:
सापडलं असेल बहुतेक. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, शेवटी 'प्रिल' असलेल्या या गोळ्यांनी शंभरातल्या साधारण दहा जणांना असाच कोरडा खोकला होतो. ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य शरीरात मोडायचं, ते या गोळीमुळे साठतं आणि श्वासनलिका चाळवते. पहिल्या आठवड्यात होतो, कधी काही महिन्यांनीही. म्हणून सिरपनं फरक पडत नाही. आणि हे नीट वाचा : गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. बीपी चढलं तर खोकल्यापेक्षा महाग पडेल. डॉक्टरांना पाकीट दाखवा, ते बहुधा बीपीचीच, पण 'सार्टन' गटातली गोळी देतील. बदलल्यावर एक ते चार आठवडे धरा, कुणाला तीन महिनेही लागतात. तरीही राहिला तर दमा, पित्त, नाकामागून घशात उतरणारा शेंबूड, हे परत तपासावं लागेल.

बेदाणा_काकी:
वहिनींना साडी घ्या आता.

दिवाणजी_सांगली (दोन महिन्यांनी):
डॉक्टरांनी टेल्मिसार्टन दिली. पहिले दहा दिवस काहीच नाही, मी तर पुन्हा धुळीवर आलो होतो. बाविसाव्या दिवशी लक्षात आलं की रात्रभर झोप लागली. बीपी १३०/८०. डॉक्टर म्हणाले, आजवर विचारलं तेव्हा 'काही नाही' का सांगत होता? काय उत्तर देणार. आता पाकिटात सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी ठेवलीय, बायकोच्या अक्षरात. साडी झाली. नवीन राजापुरी हळद यायला लागलीय, पोती ओतली की शिंका येतातच, पण त्या हळदीच्या.