डेंग्यू एकदा होऊन गेला की पुन्हा होत नाही का?

खानापूरकर: गेल्या पावसाळ्यात माझ्या आईला डेंग्यू झाला होता आणि बेळगावात उपचार घेऊन ती बरी झाली. शेजारच्या काकू म्हणतात की आता अंगात प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) तयार झाली आहेत, त्यामुळे काळजीचे कारण नाही. हे कितपत खरे आहे?

निपाणीचा वाचक: काकूंचे म्हणणे गोवराला लागू पडते. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर १७८१ नंतर थेट १८४६ साली गोवराची साथ आली, तेव्हा पहिल्या साथीतून वाचलेले वृद्ध ६५ वर्षांनीही सुरक्षित राहिले. डेंग्यूच्या विषाणूचे मात्र चार उपप्रकार आहेत. एकाचा संसर्ग त्याच उपप्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण देतो, इतरांपासून काही काळच. पुढे ही अर्धवट जुळणारी प्रतिपिंडे नव्या उपप्रकाराला चिकटतात, पण त्याला निष्प्रभ न करता उलट पेशींत शिरायला वाट करून देऊ शकतात, आणि म्हणूनच दुसऱ्या वेळचा डेंग्यू अधिक गंभीर होण्याचा धोका असतो.

खानापूरकर: मग अहवालात ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ असे लिहिले आहे, त्याचा अर्थ काय?

चिकोडीची शिक्षिका: आयजीएम प्रतिपिंडे तापाच्या साधारण पाचव्या दिवसापासून सापडू लागतात आणि काही महिन्यांत ओसरतात, तर आयजीजी अनेक वर्षे टिकतात. त्यामुळे केवळ आयजीजी आढळणे ही बहुधा जुन्या संसर्गाची खूण असते; ते अभयपत्र नव्हे. आईंना ताप आलाच, तर पूर्वी डेंग्यू झाल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन परस्पर देऊ नका.