मदत हवी आहे: जुन्या मिनीव्हॅनचं स्टेअरिंग कण्हतंय आणि इंजिन टकटकतंय

नमस्कार मंडळी,

गाडी पंधरा वर्षं जुनी, सात आसनी मिनीव्हॅन. सहा सिलिंडरचं आडवं बसवलेलं पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, पुढच्या चाकांवर चालणारी. सव्वादोन लाख किलोमीटर झालेत. पॉवर स्टेअरिंग जुन्या पद्धतीचं, तेलावरचं, पंप बेल्टवर फिरतो. आईचे गुडघे गेल्यापासून सरकतं दार आणि बुटकी पायरी असलेली हीच एक गाडी तिला झेपते, त्यामुळे "विकून टाका" हा सल्ला कृपया देऊ नका.

गेल्या दोन महिन्यांत एकेक करत चार आवाज सुरू झाले आहेत.

सकाळी पहिल्यांदा गाडी काढताना स्टेअरिंग वळवलं की कुणीतरी कण्हावं तसा "ऊंऽऽ" असा आवाज येतो. वळवायचं थांबवलं की थांबतो. रेस दिली की त्याचा सूर चढतो. गाडी गरम झाली की कमी होतो, पण पूर्ण जात नाही.

दुसरा आवाज बेल्टचा असावा. चालू केल्यावर दोन-तीन सेकंद किंचाळतो आणि पुन्हा स्टेअरिंग पूर्ण वळवलं की ओरडतो.

तिसऱ्याची मला खरी भीती वाटते. इंजिनाच्या मागच्या अंगाने, काचेच्या बाजूने, "टक टक टक टक". थंड असताना स्पष्ट येतो, रेसबरोबर वेगही वाढतो. दहाएक मिनिटांत नाहीसा होतो.

चौथा म्हणजे उभ्या गाडीत स्टेअरिंग शेवटपर्यंत नेलं की पायाखाली "धप्" होतं. रिव्हर्स टाकतानाही तसंच.

दोन गॅरेजना दाखवून झालं. एकाने पंप आणि रॅक (स्टेअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा दांडा) दोन्ही बदला म्हणून सांगितलं. दुसऱ्याने टकटक ऐकून (खरं तर माझ्याकडून वर्णन ऐकून, कारण तोवर इंजिन गरम होऊन आवाज गेला होता) इंजिन उघडावं लागेल असं सांगितलं. दोघांपैकी एकानेही गाडी थंड असताना पाहिली नाही. मला हत्यारं थोडीफार हाताळता येतात. काय आधी तपासू, आणि तोवर गाडी चालवू की नको?

प्रतिसाद १

आधी एवढं सांगा: इंजिन ऑइल डिपस्टिकवर कुठे आहे? ऑइलचा दिवा कधी लागतो का? स्टेअरिंगच्या तेलाच्या डबीत पातळी किती आहे, आणि त्या तेलाचा रंग कसा दिसतो? यांची उत्तरं येईपर्यंत कुणाच्याही सांगण्यावरून काहीही विकत घेऊ नका.

धागाकर्ता

इंजिन ऑइल दोन खुणांच्या मधोमध आहे, दिवा लागत नाही. स्टेअरिंगच्या डबीत पातळी खालच्या खुणेच्याही किंचित खाली होती. गाडी बंद केल्या केल्या झाकण उघडलं तर वर फेस होता. तेल पारदर्शक लाल असायला हवं ना? हे गढूळ गुलाबीसर दिसतंय.

प्रतिसाद २

फेस! तिथेच तुमचं पहिलं उत्तर आहे.

पंपाला तेल मिळायला हवं, त्याला मिळतेय हवा. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पंपात ते बुडबुडे दाबाखाली चिरडतात आणि कण्हण्याचा आवाज होतो. थंडीत तेल घट्ट असतं, ओढून घ्यायला जड जातं, म्हणून सकाळी जास्त. पंप मेला असता तर स्टेअरिंग जड झालं असतं. तसं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही.

हवा शिरते ती बहुतेक वेळा डबीपासून पंपापर्यंतच्या ओढण्याच्या नळीतून. या बाजूला दाब नसतो, उलट शोषण असतं. त्यामुळे इथली फट तेल फारसं बाहेर टाकत नाही, हवा मात्र आत घेते आणि खाली डाग न पडता वर्षभर छळते. पंधरा वर्षांत ती रबरी नळी कडक होते, क्लिप सैल पडते, पंपाच्या तोंडाशी असलेली गोल रबरी रिंग चपटी होते. कित्येक पंप या एका रिंगपायी विनाकारण बदलले जातात, आणि नवीन पंपावर जुनीच रिंग लावली तर कण्हणं परत येतं. मग गिऱ्हाइकाला सांगतात, रॅकही गेलाय.

पण तुमच्याकडे पातळीही उतरली आहे, म्हणजे कुठेतरी तेल बाहेरही येतंय. पंपाचा खालचा भाग, जाड दाबाच्या नळीचे जोड आणि रॅकच्या दोन्ही टोकांची रबरी बूटं चाचपून पाहा. बूट दाबल्यावर आत तेल खळखळलं तर रॅकचं सील गेलं आहे, ते कोरडं असेल तर रॅक सोडून द्या. आणि बेल्टकडे बघायला विसरू नका. पंपाखालून तेल बेल्टवर उडत असेल तर दुसऱ्या किंचाळीचं कारणही तेच. तेल प्यालेला बेल्ट पुसून सुधारत नाही, बदलावाच लागतो. पण गळती थांबवल्याशिवाय नवीन टाकू नका, तोही महिन्याभरात तसाच होईल.

तेल कुठलं घालायचं ते झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. काही गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरचं तेल चालतं, काहींना त्यांचंच वेगळं लागतं. अंदाजाने काहीही ओतू नका. गळती थांबवणारी जी औषधं मिळतात ती सील फुगवतात. थोडे दिवस बरं वाटतं, मग सील मऊ पडून गळती वाढते. मी तरी घालणार नाही.

प्रतिसाद ३

वरच्यांशी सहमत, फक्त बेल्टची एक भर. इंजिन चालू असताना बेल्टच्या खाचांच्या बाजूवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज क्षणभर जाऊन परत आला तर पुलींची रांग चुकली आहे. उलट वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी आहे आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) पाहायला हवा. शर्टाची बाही, ओढणी, मोकळे केस बेल्टपासून लांब ठेवा, हे कृपया मनावर घ्या.

प्रतिसाद ४

टकटक बद्दल लिहितो, कारण धागाकर्त्याला भीती तिचीच आहे.

थंडीत येणारी आणि गरम झाल्यावर जाणारी टकटक मला पहिल्यांदा एक्झॉस्ट मॅनिफोल्डची, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या जोडाची वाटते. मॅनिफोल्ड आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) यांच्यामधल्या गॅस्केटला, म्हणजे जोड बंद करणाऱ्या पट्टीला, बारीक फट असते किंवा एखादा स्टड (जोड आवळणारा बोल्ट) तुटलेला असतो, बहुधा टोकाच्या सिलिंडरचा. प्रत्येक स्फोटानंतर तिथून फुसकारा निघतो आणि तो कानाला टकटकीसारखा लागतो. लोखंड तापून फुगलं की फट मिटते. तुमच्या इंजिनात सिलिंडरांच्या पुढे-मागे दोन रांगा असाव्यात, म्हणजे मागच्या बाजूला एक मॅनिफोल्ड आहेच आणि आवाज तिथूनच येतोय.

दुसरी शक्यता टॅपेटची, म्हणजे झडपा उघडणारे, ऑइलच्या दाबावरचे हायड्रॉलिक लिफ्टर रात्रभरात रिकामे होऊन सकाळी ऑइल भरेपर्यंत वाजतात. पण ते बहुतेक वेळा काही सेकंदांत, फार तर मिनिटा-दोन मिनिटांत गप्प होतात. दहा मिनिटं घेत नाहीत.

टकटकीचा वेग मोजून या दोघांत फरक करता येत नाही. फोर-स्ट्रोक इंजिनात झडपही क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदा उघडते आणि एका सिलिंडरचा स्फोटही दोन फेऱ्यांत एकदाच होतो. फरक करायचा असा: थंड इंजिन चालू असताना मागच्या रांगेतल्या एकेका इंजेक्टरचा (सिलिंडरला पेट्रोल सोडणाऱ्या भागाचा) वायरचा प्लग काढून लगेच परत लावा. ज्या सिलिंडरचं पेट्रोल बंद केल्यावर टकटक विरते, तिथे गळती आहे. टॅपेट असेल तर काही फरक पडणार नाही, कारण झडप पेट्रोल असो-नसो उघडतेच. इंजिन चेकचा दिवा लागेल, घाबरू नका, ती नोंद नंतर पुसता येते. ठिणगी देणारी कॉइल काढून हीच तपासणी करतात, पण मग न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. ते टाळा.

हात पोचत नसेल तर मीटरभर रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा, दुसरं मॅनिफोल्डच्या जोडावरून फिरवा. फुसकारा अगदी नेमका सापडतो. जोडापाशी काळी काजळी दिसली तर शंकाच उरत नाही.

आता सावधगिरी. टकटक न राहता "ठक ठक" असा खोल, जड आवाज आला, गरम झाल्यावर कमी न होता वाढला, चढावर किंवा ओझ्याखाली जास्त झाला, तर ते कनेक्टिंग रॉडचं (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग असू शकतं. तिथे इंजिन जागच्या जागी बंद करायचं आणि गाडी ओढून न्यायची, घरी पोचेपर्यंतही चालवायची नाही. तसंच ऑइलचा दिवा लागला तर. तुमच्या वर्णनात ही लक्षणं नाहीत. एक्झॉस्टची गळती असेल तर गाडी चालेल, पण तो धूर विषारी असतो. आत वास येत असेल तर आईंना बसवू नका, आणि बंद जागेत इंजिन चालू ठेवून काहीही तपासू नका.

धागाकर्ता

मागच्या रांगेतल्या कडेच्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा प्लग काढला आणि टकटक गेली! परत लावला, परत आली. तीनदा करून पाहिलं. नळीनेही तिथेच फुसफुस ऐकू आली आणि आरशात काजळी दिसली. कालपर्यंत मी इंजिन उघडायला देणार होतो.

रॅकची बूटं कोरडी आहेत. पंपाच्या तोंडाशी नळी हाताने फिरते इतकी क्लिप सैल आहे, खाली सगळं तेलकट आहे आणि बेल्टची कडही ओली आहे. "धप्" मात्र अजून कळलं नाही.

प्रतिसाद २

"धप्" रिव्हर्सलाही होतं, म्हणजे त्याचं मूळ स्टेअरिंगमध्ये नसावं. इंजिन फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते पाहा. स्टेअरिंग टोकाला नेलं की पंपाचा भार इंजिनावर येतो, आयडल (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) पडतो, इंजिन हलतं. फाउंडेशनचं रबर फाटलेलं असेल तर ते आपटतं. बॉनेट उघडून लांब उभे राहा, दुसऱ्याला ब्रेक घट्ट दाबून D (पुढे) आणि R (रिव्हर्स) करायला सांगा. इंजिन थोडं डुलणं ठीक, उडी मारणं ठीक नाही. गाडीसमोर मात्र उभे राहू नका, बाजूने पाहा.

टोकाला नेल्यावर सेकंदभर "हिस्स" झालं तर तो दाब सोडणारा वाल्व आहे, त्यात दोष काही नाही. पण स्टेअरिंग तिथे पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, तेल भराभर तापतं.

जोडीने टाय रॉड एंडही, म्हणजे रॅक आणि चाक यांच्यामधले सांधेही तपासा. चाकं जमिनीवर, इंजिन बंद, एकाने स्टेअरिंग चार बोटं इकडे-तिकडे हलवायचं आणि दुसऱ्याने प्रत्येक जोडावर बोट ठेवायचं. ढिला जोड बोटाला लगेच कळतो. तो सुटला तर चाक ताब्यात राहत नाही, म्हणून आवाज नसला तरी हे बघाच.

धागाकर्ता (नऊ दिवसांनी)

रिंग, ओढण्याची नळी आणि दोन्ही क्लिपा बदलल्या. जुनं तेल काढून नवीन भरलं. पुढची चाकं उचलून, स्टँड लावून, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा हळूहळू फिरवलं. दर चार-पाच फेऱ्यांनी बुडबुडे येत होते आणि पातळी उतरत होती, प्रत्येक वेळी भरत गेलो. मग इंजिन चालू करून तेच पुन्हा. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा आवाज न होता गाडी वळली. पंप जुनाच आहे.

गळती थांबल्याची खात्री करायला चार दिवस थांबलो, मग बेल्ट बदलला. जुना टेन्शनर हाताने फिरवला तर खरखरत होता, तोही बदलला.

मॅनिफोल्डचा कडेचा स्टड खरोखर तुटलेला निघाला. हे काम मी स्वतः केलं नाही. तुटका स्टड हेडमधून काढताना धागे खराब होण्याची भीती होती, म्हणून एका तिसऱ्या मेकॅनिककडे गाडी रात्रभर ठेवली आणि सकाळी थंड असतानाच त्याला ऐकवली. त्याने दहा मिनिटांत तीच जागा दाखवली.

पुढचं फाउंडेशन फाटलंय, इंजिन चांगलं तीन बोटं उडतं. पार्ट मागवलाय, पुढच्या आठवड्यात येईल. टाय रॉड एंड घट्ट आहेत. फाउंडेशन बसवल्यावरही "धप्" राहिलं तर इथेच लिहीन.