विषय: नाण्यांसाठी कॅमेरा, जरा तातडीने

प्रेषक: स्मरणिका समिती

नमस्कार मंडळी,
नाणेवाल्या काकांचा शिवराईवरचा लेख हाती आलाय. मजकूर झकास, पण फोटो फोनवर काढलेले आणि प्रत्येक नाण्यावर वरून काळी सावली. ‘श्री राजा शिव’ मधलं ‘शिव’ दिसतच नाही. फोन जवळ नेला की उजेड अडतो, लांब धरला की नाणं टिकलीएवढं. मला तसाही एक कॅमेरा घ्यायचाच आहे, मुलांचे आणि कार्यक्रमांचे फोटो काढायला. दोन्ही कामं होतील आणि खिशाला झेपेल असा कोणता घेऊ? छपाईची तारीख सगळ्यांना माहीत आहेच. आयफोन-अँड्रॉइडचा वाद कृपया पुन्हा नको.

---

प्रेषक: माजी छायाचित्रण प्रमुख

नवा घेऊच नका. वापरलेला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) घ्या, निकॉन डी३३०० सारखा, २४ मेगापिक्सेलचा. सोबतची १८-५५ मिमीची झूम लेन्स नाण्याला पुरते. मॅक्रो (अगदी जवळून मोठं टिपणारी) लेन्सच हवी असं सगळे सांगतील, पण हिशोब करा. ही लेन्स जास्तीत जास्त जवळ नेली की सेन्सरवर (चित्र टिपणाऱ्या चिपवर) वस्तूची प्रतिमा साधारण एक-तृतीयांश आकाराची पडते. म्हणजे २० मिमीचं नाणं जवळपास १,७०० पिक्सेलचं. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ते १४ सेंटिमीटर रुंद छापता येतं. स्मरणिकेत किती मोठं छापणार आहात?

घेताना शटर किती वेळा उडालंय ते विचारा आणि निरभ्र आकाशाचा एक फोटो एफ १६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, काढून बघा. सेन्सरवरची धूळ लगेच दिसते.

(पूर्वी हे सगळे प्रश्न आमच्या समितीकडे यायचे. असो.)

---

प्रेषक: ग्रंथालयवाल्या ताई

डीएसएलआर गळ्यात अडकवून मुलांच्या मागे पळून बघा एकदा, दादा! आमच्याकडे एक आहे, कपाटात असतो. रोजच्याला खिशात मावणारा बरा. एक इंची सेन्सरचा जुना सोनी आरएक्स१०० मिळाला तर बघा. घरातल्या कमी उजेडात मुलांचे चेहरे छान येतात. मॅक्रोही आहे, ५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जातो.

---

प्रेषक: माजी छायाचित्रण प्रमुख

ताई, ५ सेंटिमीटर हीच तर गोम आहे! ते अंतर फक्त झूम पूर्ण मागे असताना मिळतं. म्हणजे कॅमेरा नाण्यावर ओणवा, उजेड बंद. फोनची जी तक्रार तीच इथे. ‘१ सेंटिमीटर सुपर मॅक्रो’ असं खोक्यावर छापलेलं असतं, त्याला भुलू नका. नाण्याला जवळ जाणारा नव्हे, लांब राहून मोठं दाखवणारा कॅमेरा हवा.

---

प्रेषक: संकेतस्थळ

एवढं कशाला? मंडळाच्या कार्यालयात स्कॅनर आहे की. १,२०० डीपीआयला ठेवा, झालं काम.

---

प्रेषक: नाणेवाले काका

स्कॅनरचं नाव काढू नका. तो पातळ सीआयएस जातीचा आहे, काचेला टेकलेलं तेवढंच त्याला स्पष्ट दिसतं. खोलगट भाग धूसर येतो, शिवाय उजेड ठरलेल्या दिशेनेच, त्यामुळे अक्षरांचा उठाव मरतो. आणि काचेवर माझं नाणं सरकवायचं नाही.

ताई आणि दादा, दोघांचंही थोडं बरोबर आहे, पण कॅमेऱ्यावर एवढी चर्चा आणि दिव्यावर कुणी अवाक्षर काढत नाही. कॅमेरा स्टँडवर उभा खाली बघणारा हवा. नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवा आणि कॅमेऱ्यातून बघा: लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी आलं तर कॅमेरा सरळ, नाहीतर नाण्याची एक कड धूसर येणार. मग दोन दिवे, घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी, थोडे उंचावर. तांब्याच्या झिजलेल्या शिवराईला एक दिवा आणखी खाली आणा, म्हणजे अक्षराच्या कडेला बारीक सावली पडते आणि ‘छत्रपति’ वाचता येतं. चकचकीत चांदीला उलट: दिव्यापुढे ट्रेसिंग पेपर. दोन्ही दिवे एकाच जातीचे, खिडकी बंद, नाहीतर तांबं एका बाजूने निळं दिसतं. एफ ८, दोन सेकंदांचा टायमर, आणि हात लावायचा तो कडेला.

आणि कुणीही नाणं घासून ‘उजळून’ देतो म्हणू नये. मागे एका सद्गृहस्थांनी माझं एक असंच ‘उजळलं’. नाव घेत नाही, ते ही ईमेल-यादी वाचतात.

---

प्रेषक: खजिनदार

मंडळाचा स्वतःचा डीएसएलआर आहे, याची सर्वांना आठवण करून देतो. तो कुणाकडे आहे? चार्जर माझ्याकडे आहे.

---

प्रेषक: नाटक समिती

आमच्याकडे नाही. आम्ही तालमीनंतर परत केला होता.

---

प्रेषक: संकेतस्थळ

सीआयएस आहे हे मला माहीत नव्हतं, पण स्कॅनर चांगला आहे. पावत्यांना.

---

प्रेषक: ग्रंथालयवाल्या ताई

काका, शिवराई बघायला मिळेल का हो ग्रंथालयात? काचेच्या पेटीत ठेवू.

आणि दादा, झूम पुढे नेऊन समोर क्लोजअप भिंग लावलं तर? माझ्या भावाकडे रेनॉक्स डीसीआर-२५० आहे. ८ डायॉप्टर ताकदीचं, म्हणजे कॅमेरा अनंतावर फोकस केला तर नाणं साडेबारा सेंटिमीटरवर. दिव्याला भरपूर जागा.

---

प्रेषक: माजी छायाचित्रण प्रमुख

हे पटलं. पण तुमच्या आरएक्स१०० ला पुढे फिल्टरचे आटे नाहीत, चिकटवायचा अडॅप्टर लागेल. डीएसएलआरला ते भिंग चिमट्यासारखं बसतं.

---

प्रेषक: स्मरणिका समिती

सगळ्यांचे आभार. वापरलेला डी३३०० बघून ठेवलाय, १८-५५ सकट. घरी मुलांनाही तोच. ताई, भावाचं भिंग आठवडाभर मिळेल का? लेन्सवर तोंडाचा व्यास ५२ मिमी लिहिलाय, बसेल ना? काका, दिवे तुमचेच आणा.

---

प्रेषक: ग्रंथालयवाल्या ताई

५२ ते ६७ मिमीला बसतं. भावाला विचारते. पेटीचं काय?

---

प्रेषक: खजिनदार

चार्जर अजून माझ्याकडेच आहे.