बाबांच्या बायपासचा पायाचा ग्राफ्ट ९० टक्के बंद, त्यात स्टेंट घालावा का?

मिरजेची_लेक:
बाबा ७१ वर्षांचे. २००९ मध्ये बायपास झाली, तीन ग्राफ्ट, म्हणजे अडथळ्याला वळसा घालून जोडलेल्या नळ्या. गेल्या महिन्यापासून जिना चढताना छातीवर दाब येतो. अँजिओत छातीतल्या धमनीचा ग्राफ्ट, म्हणजे लिमा, स्वच्छ आहे. पायाच्या शिरेचे दोन. त्यातला एक मधोमध ९० टक्के अरुंद झालाय. डॉक्टर त्यातच स्टेंट घालू म्हणतात, पण 'नेहमीच्या प्लास्टीपेक्षा धोका जास्त' असंही म्हणाले. तेव्हापासून आईला झोप नाही. उद्या त्यांना नेमकं काय विचारू?

कॅथलॅबवाला:
ताई, मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओ आणि प्लास्टी करतात त्या खोलीत, टेक्निशियन आहे. निर्णय डॉक्टरांचाच, पण धोका कसला ते सांगतो.

पायाची शीर धमनीचा दाब सोसायला घडलेली नसते. दहा वर्षांत शिरेचे जवळपास निम्मे ग्राफ्ट बंद पडतात. लिमा बहुतेकांची चालू राहते. जुन्या शिरेत साचलेला थर साईसारखा मऊ असतो. स्टेंट फुगवला की त्याचे कण सुटतात, खाली जाऊन बारीक नळ्या तुंबवतात. स्टेंट छान बसतो, पण रक्त पुढे सरकत नाही. आम्ही त्याला नो-रिफ्लो म्हणतो. पडद्यावर ते बघताना खोलीत कुणी बोलत नाही.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: फिल्टर वापरणार का? अडथळ्याच्या पुढे बारीक जाळी उघडतात, कण तिच्यात अडकतात. २००२ च्या सेफर चाचणीत कण अडवायला फुग्याचं साधन होतं; ३० दिवसांतले मोठे त्रास १६.५ टक्क्यांवरून ९.६ वर आले. मात्र जाळीला पुढे निरोगी जागा लागते. ग्राफ्ट खाली हृदयाच्या नसेला जिथे जोडलाय, अडथळा अगदी त्या जोडाजवळ असेल तर ती बसत नाही. तुमचा मधोमध आहे, म्हणून नक्की विचारा. नो-रिफ्लो झालाच तर ग्राफ्टमध्ये सोडायला अ‍ॅडेनोसिनसारखी औषधं हाताशी ठेवलेली असतात.

नाशिकची_सून:
माझ्या सासऱ्यांची मूळ नसच, म्हणजे हृदयाची स्वतःची धमनी, उघडली, ग्राफ्टला हात लावला नाही. ते जमेल का, हेही विचारा. आणि बायपासच्या वेळचे ऑपरेशनचे कागद शोधा. कुठला ग्राफ्ट कुठे जोडलाय ते कळलं की शोधाशोध कमी होते, डाय, म्हणजे नसा दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध, तेही कमी लागतं. सासऱ्यांचं क्रिएटिनिन जास्त होतं, म्हणजे किडनी कमजोर, आणि डायचा ताण किडनीवरच येतो, त्यामुळे आम्हाला त्याचं फार महत्त्व वाटलं.

मिरजेची_लेक:
कागद आईच्या ट्रंकेत आहेत! मूळ नस पूर्ण बंद आहे, कॅल्शियमही खूप आहे म्हणाले. मग पुन्हा बायपास बरी का? आणि महागातला स्टेंट घ्यावा का?

कॅथलॅबवाला:
लिमा चालू असताना छाती पुन्हा उघडायची म्हणजे तिलाच इजा व्हायची भीती. दुसरी बायपास पहिल्यापेक्षा जोखमीची असते, म्हणूनच बहुधा त्यांनी स्टेंट सुचवला. महागातला म्हणजे औषधी स्टेंट, त्यावर औषधाचा लेप असतो. तो आता सर्रास वापरतात, पण २०१८ च्या दीवा चाचणीत शिरेच्या ग्राफ्टमध्ये औषधी आणि साधा यांत वर्षभरात फरक दिसला नाही. २०१७ पासून स्टेंटच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे, तेव्हा बिलात स्टेंटची किंमत वेगळी मागा. महागड्या नावासाठी कर्ज काढू नका.

नंतर रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या आणि कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नका. दाढ काढायची असली तरी आधी त्यांना फोन.

आणि दाब बसल्या जागी यायला लागला, घाम फुटला, तर दिलेल्या तारखेची वाट बघू नका. रात्र असली तरी १०८ ला फोन करून लगेच न्या.