चर्चा: अमेरिकेतल्या अभ्यासावरून परभणीतलं तूप बंद करायचं का?

गंगाखेडचा_बाळू
अण्णांना (वय ७१) प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. ग्लिसन ७, म्हणजे आक्रमकपणाच्या मापात मधला. रात्री चार-चार वेळा लघवीला उठायचे, आम्ही म्हणायचो वय झालं. आता पुण्याच्या भावानं एका अभ्यासाची बातमी पाठवलीय. नॉर्थ कॅरोलिना आणि लुईझियाना, २००४ ते २००९, सुमारे हजार काळे आणि हजार गोरे रुग्ण. संपृक्त चरबी (तूप-लोण्यासारखी थंडीत गोठणारी) जास्त खाणाऱ्यांमध्ये आक्रमक कॅन्सर जास्त दिसला. झालं, वहिनींनी तुपाची बरणी माळ्यावर टाकली.

माझं मत स्पष्ट आहे, हे आपल्याला लागू होत नाही. त्यांची चरबी म्हणजे बीफ, चीज, बेकन. अण्णांची म्हणजे वरणावर चमचाभर तूप, बाकी जन्मभर करडईचं तेल. त्यातही तो संबंध गोऱ्यांमध्ये ठळक आणि काळ्यांमध्ये फिका निघालाय. दोघांतच सारखं नाही, मग तिसऱ्याच्या ताटात कशाला हात घालता?

औषधवाली_ताई
बाळूदादा, फिका म्हणजे नाही असं नव्हे. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट भावानं कळवली नाही वाटतं. जे रुग्ण कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी घेत होते, त्यांच्यात हा संबंध बराच सौम्य होता. म्हणजे चरबी रक्तातल्या कोलेस्टेरॉलच्या वाटेनं काम करत असावी असा अंदाज बांधता येतो. ती वाट गोऱ्यांची वेगळी आणि परभणीकरांची वेगळी कशी असेल? आणि बीफचं म्हणाल तर तूप साठ टक्क्यांच्या वर संपृक्त असतं, बीफच्या चरबीपेक्षा जास्तच.

गंगाखेडचा_बाळू
चमचाभर, ताई. चमचाभर.

औषधवाली_ताई
कुणाच्या घरी? धोंड्याच्या महिन्यात जावयाच्या पुरणपोळीवर वाटी उपडी करणारी माणसं आपण.

लाकडी_घाणा_लातूर
माझा स्वतःचा घाणा आहे हे आधीच सांगतो, मग म्हणू नका. तुपाला कशाला फाशी देताव? आजे-पणजे तूप खाऊन नव्वदीला टेकले. घात केला तो रिफाइंडनं. करडई गेली, सोयाबीन आलं, हॉटेलातली भजी पामतेलात. लोकं घरचं चांगलं बंद कराय लागलेत अन् बाहेरचं वाईट चालू ठेवाय लागलेत.

नांदेड_मास्तर
पामतेलाचं पटलं, ते निम्मं संपृक्तच असतं. पण करडईचं तेल घाण्यावर काढा नाहीतर कारखान्यात, त्यात पाऊण हिस्सा लिनोलिक आम्लच, म्हणजे ओमेगा-६ जातीची चरबी. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतली एक चाचणी प्रसिद्ध झाली. सौम्य प्रोस्टेट कॅन्सर असलेले, नुसत्या निगराणीवर ठेवलेले १०० पुरुष. निम्म्यांना वर्षभर ओमेगा-६ कमी करून माशाचं तेल दिलं. पेशी किती वेगानं वाढतात ते दाखवणारा केआय-६७ त्यांच्यात सुमारे १५ टक्क्यांनी उतरला, बाकीच्यांत सुमारे २४ टक्क्यांनी चढला. आता सांगा, करडई निर्दोष का?

औषधवाली_ताई
मास्तर, घाई नको. केआय-६७ उतरला म्हणजे माणूस वाचला असं नाही. उलट २०१३ मध्ये साडेचार हजारांवर रुग्णांचा अभ्यास आला होता. त्यात निदानानंतर पिष्टमय पदार्थांच्या जागी वनस्पतिजन्य चरबी घेणाऱ्यांमध्ये जीवघेण्या कॅन्सरचा धोका कमी दिसला, १० टक्के उष्मांकांच्या अदलाबदलीला २९ टक्के. करडईला एवढ्यात बाहेर काढू नका. अण्णांच्या ताटातला भात आणि साखरेचा चहा कुणी मोजलाय का?

परांड्याचा_वाटसरू
तुम्ही सगळे ताटातच अडकलाव. बार्शीची ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ पासून चालू आहे, देशातली पहिली ग्रामीण. आमचा परांडा आणि भूम त्यातच येतात. प्रोस्टेटचा आकडा शहरांपेक्षा कमी. काहीजण म्हणतात ज्वारीची करामत. मी म्हणतो, पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी, कोण करतं? आमच्याकडं माणूस पाठीचं हाड दुखाय लागल्यावर येतो, तोवर रोग हाडात गेलेला.

अन् बाळूभाऊ, तुम्ही वंश वंश करताव म्हणून सांगतो. अमेरिकेत काळ्या पुरुषांचा या रोगानं मृत्युदर गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त आहे. काही भाग जनुकांचा, पण विमा नसणं, उशिरा दवाखान्यात पोचणं हेही त्या आकड्यातच आहे. आपण त्या बाबतीत कुणासारखे, बघा.

गंगाखेडचा_बाळू
हे लागलं. अण्णा वर्षभर उठत होते रात्री. पण वाटसरूदादा, हा तुपाविरुद्धचा पुरावा नाही झाला.

परांड्याचा_वाटसरू
नाहीच. माझा तुपाशी वाद नाही.

नांदेड_मास्तर
एक सोपं सांगतो, दोन्ही बाजूंना चालेल. २००८ मध्ये शस्त्रक्रियेची वाट बघणाऱ्या १६१ रुग्णांवर प्रयोग झाला. महिनाभर रोज ३० ग्रॅम जवसाची भरड खाणाऱ्यांच्या गाठीत पेशींची वाढ मंद दिसली. नुसती चरबी कमी करून तेवढं साधलं नाही. जवस आपल्याकडं चटणीत असतंच.

लाकडी_घाणा_लातूर
बघा! शेवटी आलात ना चटणीवर.

औषधवाली_ताई
दोन बोटं चटणी लावली म्हणजे ३० ग्रॅम होत नाही, घाणेवाले. आणि अण्णा रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

गंगाखेडचा_बाळू
बरणी खाली आणली. दिवसाला एक चमचा, वहिनींच्या हातानं. भजी बंद, पीएसए दर तीन महिन्यांनी. अण्णांनी पहिला घास घेतला आणि विचारलं, जवसाच्या चटणीवर तूप न घेता कुणी खातं का.