डेबियनमधील दोष कसा नोंदवावा?

प्रश्न (म्हापसा): आमच्या वाचनालयातील डेबियन (एक मुक्त संगणक-प्रणाली) असलेला संगणक 'सस्पेंड'मधून (तात्पुरत्या झोपेतून) जागा केल्यावर वाय-फाय सापडतच नाही, पुन्हा सुरू केल्यावर मात्र सारे सुरळीत चालते. हा दोष कोठे नोंदवावा?

उत्तर (फोंडा): 'रिपोर्टबग' हे डेबियनचे दोष नोंदवण्याचे साधन वापरावे, कारण ते पॅकेजची (सॉफ्टवेअर-संचाची) आवृत्ती व कर्नलची (प्रणालीच्या गाभ्याची) माहिती आपणहून जोडते. संगणक पुन्हा सुरू केल्यावरही 'जर्नलसीटीएल -बी -१' (journalctl -b -1) या आज्ञेने आधीच्या सत्रातील नोंदी पाहता येतात. त्यांतील वाय-फाय बंद पडतानाच्या ओळी तेवढ्या द्याव्यात.

उत्तर (मडगाव): दोषाची नोंद सर्वांना दिसते, म्हणून नेटवर्कचे नाव आधी काढून टाका. नोंदीला मिळालेला क्रमांक जपा. पुढील पत्रव्यवहार त्याच क्रमांकाच्या ईमेल पत्त्यावर चालतो. विकासकाने काही विचारल्यास उत्तर अवश्य द्या. अनुत्तरित राहिलेल्या नोंदी पाहून मला फार वाईट वाटते.