कोहा: झेब्राच्या इंडेक्स फाइल्स कुठे बदलायच्या

कोहा या लायब्ररी सॉफ्टवेअरमध्ये झेब्रा हे सर्च इंजिन वापरताना ५९० ची (मार्क रेकॉर्डमधल्या ५९० फील्डची) लोकल नोट सर्चमध्ये यावी म्हणून थेट झेब्राच्या इंडेक्सिंग नियमांच्या एक्सएसएल फाइलमध्ये बदल करा असं काही जण सुचवतात, पण तसं नका करू प्लीज. ती एक्सएसएल हाताने लिहिलेली नाहीये, इंडेक्सडेफ्सच्या (इंडेक्सच्या व्याख्यांच्या) एक्सएमएलमधून एक्सएसएलटीप्रॉक हे रूपांतराचं टूल चालवून तयार होते, त्यामुळे पुढच्या वेळी कोणी ती परत जनरेट केली की तुमचा बदल गायब आणि कारणही सापडत नाही. बदल एक्सएमएलमध्येच करायचा आणि एक्सएमएल आणि एक्सएसएल दोन्ही फाइल्स व्हर्जन कंट्रोलच्या एकाच कमिटमध्ये टाकायच्या, एवढी शिस्त पाळाच. नवीन नावाचा इंडेक्स असेल तर बिब१ डॉट एटीटी आणि सीसीएल डॉट प्रॉपर्टीज या फाइल्समध्येही त्या नावाची नोंद लागते, नाहीतर डेटा इंडेक्स होतो पण त्या नावाने शोधता येत नाही, आणि लोक इथेच जास्त अडकतात. मग झेब्रा फुल रीबिल्ड, म्हणजे सगळा इंडेक्स परत बनवायचा, कारण जुन्या रेकॉर्डना नवा नियम आपोआप लागत नाही.

झेब्राऐवजी इलॅस्टिकसर्च हे सर्च इंजिन वापरत असाल तर मॅपिंग (कुठलं फील्ड कुठल्या इंडेक्समध्ये जातं ते) डेटाबेसमध्ये असतं, तिथे रीसेट दाबलं तर लोकल बदल जातात म्हणून आधी एक्सपोर्ट करून ठेवा.